गुण्या आणि उजेड

आमच्या घरांतील एका मुलानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरचें काम शिकावयाचें ठरविलें, तें वडील मंडळींस रुचलें नव्हतें. वस्तुतः सरकारची ही योजना १९५० सालापासूनची. फिटरचा क्रम दोन वर्षांचा.

मीं एकदां तेथें गेलों. मुलगा ठोकळ्यावर कानस चालवीत होता. गुरुजींनीं ठोकळ्यास गुण्या लावून तो खिडकीकडे धरला. दोन्ही कडांशीं उजेड दिसे, मध्यें नाहीं. म्हणजे पृष्ठभाग मध्यें फुगलेला! कानस सरळ न जातां डोलत होती. त्यांनीं गुण दिले नाहींत, कीं रागें भरले नाहींत. मुलाचा पाय किंचित् मागें सरकवून म्हणाले, ‘‘आतां पुन्हां.’’

वार्षिक परीक्षेंत हाच दोष एका आंकड्यांत लपला असता, आणि तोंवर हातास वांकडें वळण लागलें असतें. अंतर्गत मूल्यमापनाचीं पत्रकें तेथेंहि भरतात; पण हें पाय सरकविणें कोणत्या रकान्यांत लिहावें? म्हणूनच मुलें फार झालीं कीं प्रथम तेंच बुडतें.

दिवाळींत मुलानें तो ठोकळा घरीं आणला. आजोबांनीं पट्टी लावून तो उजेडाकडे धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेविला.