मुलाचा वाटा कोणाच्या पगारातून?

घटस्फोटानंतर दुसरा संसार मांडणारी जोडपी आता अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांतही आहेत. त्यांतल्या एकाकडे पहिल्या लग्नातल्या मुलाच्या चाइल्ड सपोर्टची थकबाकी असेल, तर दोन प्रश्न हटकून निघतात. सरकारने थेट पगारालाच हात का घालावा? आणि तो हात नव्या जोडीदाराच्या कमाईपर्यंत पोचू शकतो का? माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच तत्त्वात आहे. मुलाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या आईवडिलांची. ती घटस्फोटाने संपत नाही, आणि नव्या लग्नाने तिसऱ्या माणसाच्या माथी जात नाही. म्हणूनच पगारातली कपात न्याय्य आहे आणि नव्या जोडीदाराचा पगार तिच्यापासून राखणेही तितकेच न्याय्य आहे.

पूर्वी पैसे थकले की मूल सांभाळणाऱ्या पालकाला, बहुतेक वेळा आईला, पुन्हा पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागे. १९८४च्या केंद्रीय कायद्याने थकबाकी झाल्यास पगारातून कपात करणे राज्यांना बंधनकारक केले. १९८८च्या कायद्यामुळे १९९४पासून बहुतेक नव्या आदेशांत थकबाकीची वाट न पाहता पहिल्यापासूनच कपात होऊ लागली. नोकरी बदलून निसटण्याची वाटही १९९६च्या कायद्याने अरुंद केली, कारण त्यानुसार नव्या कर्मचाऱ्याची नोंद मालकाला २० दिवसांत सरकारकडे करावी लागते. आज देशातल्या एकूण वसुलीपैकी सर्वांत मोठा हिस्सा याच मार्गाने येतो. ऑफिसात बदनामी होते, हा आक्षेप मला पटत नाही. वेळेवर पैसे देणाऱ्याच्याही पगारातून कपात होत असेल, तर ती बेजबाबदारपणाची खूण कशी ठरेल? शिवाय या कपातीमुळे कर्मचाऱ्याला कामावरून काढण्यास कायद्याने मनाई आहे.

नव्या घरातल्या मुलांनी मग काय खायचे, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि कायद्याने तो विचारात घेतला आहे. कर वगैरे सक्तीच्या वजावटी जाऊन उरलेल्या पगारातून, दुसरा जोडीदार किंवा मूल पोसणाऱ्याच्या बाबतीत कमाल ५० टक्के आणि इतरांच्या बाबतीत ६० टक्के कापता येतात. थकबाकी १२ आठवड्यांहून जुनी असेल तर आणखी ५ टक्के. राज्ये याहून कमी मर्यादा ठेवू शकतात. दुसऱ्या संसाराला सवलत मिळते, पण पहिल्या मुलाचा हक्क पुसला जात नाही.

आता नव्या जोडीदाराकडे वळू. घरभाड्यात त्याचा वाटा असल्याने देणेकऱ्याच्या, म्हणजे सपोर्ट देणे लागणाऱ्याच्या, हाती जास्त पैसे उरतात, मग ती कमाई का धरू नये, असे विचारले जाते. पण देणेकऱ्याची ऐपत त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावरून ठरवता येते, आणि ज्या मुलाचे पालकत्व आपण स्वीकारलेले नाही त्याचे देणे केवळ लग्नामुळे अंगावर येऊ नये. टेक्सासमध्ये सपोर्टची रक्कम ठरवताना नव्या जोडीदाराचे उत्पन्न हिशेबात धरता येत नाही. कॅलिफोर्नियातही ते धरत नाहीत, अपवाद फक्त एखाद्या मुलावर अत्यंत गंभीर हालाची वेळ येईल अशा असाधारण प्रकरणाचा. मात्र कॅलिफोर्नियात लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक मानली जाते. तिथे नव्या जोडीदाराचा पगार जुन्या सपोर्टच्या देण्यापासून सुरक्षित राहतो, पण बँकेत टाकल्यावर हे संरक्षण टिकायचे तर तो अशा खात्यात हवा, ज्यातून देणेकऱ्याला पैसे काढता येत नाहीत आणि ज्यात इतर सामाईक पैसा मिसळलेला नाही. ‘नवराबायकोत कसले आले वेगळे खाते’ ही आपल्या घरांतली भावना मोलाची आहे, पण थकबाकी असेल तिथे वेगळे खाते अविश्वासाचे लक्षण मानू नये. एकत्र टॅक्स रिटर्न भरल्यावर रिफंड थकबाकीत वळवला गेला, तर फॉर्म ८३७९ भरून नव्या जोडीदाराला आपला वाटा मागता येतो.

खरा अन्याय होतो तो बहुधा उशिरामुळे. लेऑफ झाला म्हणून सपोर्ट आपोआप कमी होत नाही, आणि १९८६च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार साचलेली थकबाकी न्यायाधीशालाही मागे जाऊन माफ करता येत नाही. म्हणून नोकरी गेल्यावर त्याच आठवड्यात आदेश बदलण्यासाठी अर्ज करा. दुसरे लग्न ठरत असेल तर थकबाकीचा आकडा आधी समोरच्याला सांगा, आणि आपल्या राज्यातल्या वकिलाला विचारूनच खाती मांडा.