नुसते ‘पाणी प्या’ म्हणून भागत नाही

चैत्र पौर्णिमा जवळ आली की आपल्या जिल्ह्याचे पाय जोतिबाच्या डोंगराकडे वळतात. पन्हाळा तालुक्यातले वाडी रत्नागिरी हे एरवी लहानसे गाव. यात्रेत मात्र तिथे महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लाखो भाविक येतात. सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, दवणा वाहिला जातो. भक्तीचा हा सोहळा पाहण्यासारखा असतो. पण डॉक्टरच्या नजरेला आणखीही काही दिसते. ऐन उन्हाळा, चढण, उपाशीपोटी चालणे, रांगेत तासन् तास उभे राहणे आणि एवढ्याशा जागेत एवढी माणसे. आजार पसरायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे फलक आणि ध्वनिक्षेपक. ‘भरपूर पाणी प्या’, ‘पाणी उकळून प्या’, ‘उघड्यावरचे अन्न खाऊ नका’. सूचना चुकीच्या नाहीत. पण खांद्यावर पिशवी घेऊन चालत आलेल्या माणसाने पाणी उकळायचे कुठे? आणि ज्याच्या खिशात परतीच्या एस.टी.पुरतेच पैसे आहेत, त्याने झाकलेले महागडे अन्न आणायचे कोठून? ज्याला जे करणे शक्यच नाही ते त्याला सांगत राहणे म्हणजे आरोग्यशिक्षण नव्हे.

वाचकहो, यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. यात्रेहून परतलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात त्या बहुतेक लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन किंवा चक्कर आली, डोके दुखते असे सांगत. ‘मावशी, दिवसभरात पाणी किती प्यालात?’ असे विचारले की बहुतेकींचे उत्तर एकच असते. ‘मुद्दामच प्याले नाही. जायचे कुठे, डॉक्टर?’ पाणी प्यावे हे या मावशींना कळत नाही असे नाही. पाणी प्यायले तर पुढे होणारी पंचाईत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. आडोसा नाही, शौचालय असले तर तिथे रांग, रांग संपली तर आत पाणी नाही, दिवा नाही. मग त्या तहान मारतात. शरीर थंड राहते ते घामामुळे, आणि घामाला पाणी लागते. ते कमी पडले की अंगाची उष्णता वाढत जाते आणि उष्माघातापर्यंत पाळी येते. सांगा, इथे दोष अज्ञानाचा की व्यवस्थेचा?

याच विचारातून १९८६ साली कॅनडातील ओटावा शहरात जागतिक आरोग्य संघटनेची एक परिषद झाली आणि आरोग्यसंवर्धनाची सनद तयार झाली. तिचे सार असे : आपल्या आरोग्यावर आपला ताबा राहावा आणि ते सुधारता यावे, यासाठी लोकांना समर्थ करणे म्हणजे आरोग्यसंवर्धन. त्यासाठी पाच कामे सांगितली आहेत. आरोग्याला पोषक धोरणे आखणे, परिसर पोषक करणे, लोकांना निर्णयात व कामात सामील करून घेणे, व्यक्तीला माहिती व कौशल्य देणे आणि आरोग्यसेवेचे तोंड उपचाराकडून प्रतिबंधाकडे वळवणे. आपला फलक या पाचांपैकी फक्त चौथ्या कामात येतो, आणि तोही अर्धाच.

परदेशातली सनद कशाला, असे कोणी म्हणेल. मग आपल्या गाडगेबाबांकडे पाहा. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. स्वच्छतेचा उपदेश करण्याआधी ते गाव स्वच्छ झालेले असे. यात्रेकरूंची आबाळ पाहून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. आधी सोय आणि मग शिकवण, हा क्रम ओटावाच्या कितीतरी आधी या अशिक्षित संताने घालून दिला होता.

यात्रेचे आजार यात्रेतच दिसतात असेही नाही. पटकीचे जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही जुलाब सुरू होतात. तोवर भाविक आपल्या गावी पोहोचलेला असतो. १८६७ च्या हरिद्वार कुंभमेळ्यानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली होती. आज औषधे आहेत, नळ आहेत. तरी डोंगरावर ‘साथ नाही’ म्हणून समाधान मानणे धोक्याचेच. खरा हिशेब पुढच्या आठवड्यात गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत मांडला पाहिजे.

‘लोकांनाच शिस्त नाही, कितीही सोयी करा’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. मला तो पटत नाही. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, चैत्र यात्रा नेहमीसारखी भरली नाही. पिढ्यान् पिढ्या काठी घेऊन डोंगर चढणाऱ्यांनी घरूनच हात जोडले. कारण पटले आणि पर्याय दिसला की आपली माणसे एवढा मोठा नेमही बाजूला ठेवतात. ती कचराकुंडी वापरणार नाहीत असे कशावरून?

म्हणून देवस्थान समिती, ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि सासनकाठ्यांचे मानकरी यांच्यापुढे काही सूचना ठेवतो. स्त्रियांची शौचालये किती व कुठे हवीत हे ठरवताना गावातल्या स्त्रियांना, आशाताईंना बैठकीत बसवा. तिथे पाणी, दिवा आणि साबण यांची जबाबदारी नावानिशी ठरवा. पाण्यात टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाने क्लोरीन तपासा. ते लिटरला निदान अर्धा मिलिग्रॅम उरले पाहिजे. तपासणीची वेळ आणि निकाल टाकीजवळच्या फळ्यावर खडूने लिहा, म्हणजे भाविकालाही विश्वास वाटेल. प्रत्येक काठीबरोबर एका तरुणाला प्रथमोपचार शिकवून पाठवा. गुलाल डोळ्यात गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि दमेकऱ्यांनी उधळणीपासून लांब थांबावे, हे त्याने आपल्या माणसांना सांगावे. कर्ण्यावरच्या अनोळखी आवाजापेक्षा ओळखीच्या माणसाचे ऐकले जाते.

घरी परतल्यावर जुलाब लागले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. चमचा चहाचा घ्यावा. लहान मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

‘चांगभलं’ या गजरात सगळ्यांचेच चांगले आणि भले व्हावे अशी इच्छा आहे. त्या सगळ्यांत रांगेत तहानलेली उभी असलेली मावशीही आली. यंदा यात्रेच्या तयारीची बैठक होईल तेव्हा तिची सोय कामांच्या यादीत पहिली असावी, एवढीच मागणी.