आठ विरुद्ध एक

ज्युरीचा विषय निघाला की आपल्याकडे नानावटी खटल्याचे नाव घेऊन चर्चा मिटवली जाते. भावनाविवश ज्युरीने १९५९ साली खुन्याला सोडले आणि म्हणून भारतातून ज्युरीच गेली, ही कथा आता कोणी तपासतही नाही. आम्हांस ती तपासावीशी वाटते.

१६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन या क्वेकर उपदेशकावर बेकायदा जमाव जमवल्याचा खटला चालला. त्याने रस्त्यात प्रवचन केले हे ज्युरीने नाकारले नाही. त्याला गुन्हा म्हणायचे मात्र नाकारले. न्यायासनाने ज्युरीला अन्नपाण्यावाचून कोंडले, मग दंड ठोठावला. दंड न भरता तुरुंगात गेलेल्या एडवर्ड बुशेलच्या अर्जावर ठरले की निर्णयाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येत नाही. कायदा मोडला गेला असे मानूनही आरोपीला सोडण्याची ज्युरीची ताकद यावर उभी आहे. ती नेहमी उदात्तच असते असे नव्हे : १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या मारेकऱ्यांना केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने तासाभरात सोडले.

आपल्या सेशन्स कोर्टांत ही ताकद इंग्रजांनी पुरती येऊच दिली नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम ३०७ नुसार, ज्युरीशी असहमत न्यायाधीश प्रकरण थेट उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत असे. नानावटी प्रकरणात तेच झाले. आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती कायम केली. शिवाय ज्युरी रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे अहुजांवर गोळी झाडली जाण्यापूर्वी, केली होती.

आणि त्या आठ जणांच्या मनात काय होते? ज्युरी कारणे देत नाही. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव त्यांना खरोखर पटलाही असेल. लेखकाचा हेतू परस्पर ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण वर्गात अडवतो. येथे मात्र आपणच आठ अनोळखी माणसांचे मन वाचून मोकळे होतो.

१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. आठ नागरिकांनी सोडले तेव्हा तो न्यायाचा विपर्यास होता. राजभवनातून सुटका झाली तेव्हा तिचे नाव दया झाले.