इग्निशनमध्ये चावी अडकली? जोर लावू नका, आधी हे पाहा

काशीयात्रेला आता बरीच कुटुंबं स्वतःच्या गाडीने जातात. मुंबईहून वाराणसी जवळपास दीड हजार किलोमीटर. एवढं अंतर कापून तुम्ही गोदौलियाच्या अलीकडे कशीबशी जागा शोधता. आजी-आजोबांना दशाश्वमेध घाटावरची आरती गाठायची असते आणि नेमकी तेव्हाच चावी बाहेर येत नाही! तशीच सोडून गेलात आणि गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी निष्काळजीपणाचं कारण देऊन दावा नाकारू शकते. म्हणून शांतपणे पुढच्या गोष्टी तपासा.

गिअर पाहा : ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर पूर्णपणे 'पी'वर नसेल, तर चावी सुटत नाही. ब्रेक दाबून लिव्हर पुन्हा नीट 'पी'वर आणा.

स्टिअरिंग हलवा : चाकं वळलेली असतील किंवा फुटपाथला टेकली असतील, तर स्टिअरिंग लॉकवर ताण येतो. एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवा.

चावी आत दाबा : अनेक गाड्यांमध्ये 'एसीसी'वरून 'लॉक'वर येण्यासाठी चावी किंचित आत दाबून फिरवावी लागते. घरात गाडी चालवणारे दोघं-तिघं असतील, तर हे सगळ्यांना सांगून ठेवा.

बॅटरी तपासा : डॅशबोर्डवरचे दिवे मंद आहेत? काही ऑटोमॅटिक गाड्यांत चावीचं लॉक विजेवर चालतं. बॅटरीला जम्प स्टार्ट दिला की चावी सुटू शकते.

पक्कड लावून ओढणं किंवा स्वयंपाकाचं तेल सोडणं मात्र टाळा. तेलात धूळ चिकटते आणि लॉक आणखी जाम होतं. चावी आत तुटली, तर तुकडा उकरू नका, चावीवाल्यालाच बोलवा.

एवढं करूनही चावी निघाली नाही, तर विम्यासोबतची रोडसाइड असिस्टन्स सेवा आहे का ते पाहा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा मदत क्रमांक आहे. तोवर एका मोठ्या माणसाने गाडीजवळ थांबावं, मुलांना एकटं आत बसवू नये. बाकीच्यांनी खुशाल आरतीला जावं.

झिजलेली चावी हे अडकण्याचं नेहमीचं कारण. दात गुळगुळीत झाले असतील, तर प्रवासाआधीच नवी करून घ्या. नवी चावी झिजलेल्या चावीवरून नको, घरी जपून ठेवलेल्या मूळ दुसऱ्या चावीवरून करा, नाहीतर झीजही तशीच उतरते.