सांडपाण्याच्या केंद्राचा उतारा कोण विचारणार?



वार्षिक सर्वसाधारण सभेत साखर उतारा पाव टक्का खाली आला असे कळले, की आपले सभासद चेअरमनांना धारेवर धरतात. धरावेच. उसाचा दर त्यावर ठरतो. पण हीच मंडळी ग्रामसभेत बसतात किंवा शहरात नगरसेवक निवडून देतात, तेव्हा सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा उतारा काय पडला, असे विचारताना आम्ही अजून कोणाला ऐकलेले नाही. केंद्र बांधले, नारळ फुटला, कोनशिला बसली, की सगळे मोकळे!

पंचगंगेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. चिखलीच्या प्रयागापासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत नदीवर आपले बंधारे, आपल्या उपसा योजना. उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी तुंबले की केंदाळ माजते, तेरवाडला मासे मरून तरंगतात. २०१२ साली इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यातून काविळीची साथ पसरली, माणसे दगावली. हे सगळे झाल्यावर दोष कोणाचा, म्हणून शहर कारखान्यांकडे बोट दाखवते आणि कारखाने शहराकडे.

आम्ही कारखान्यांची बाजू झाकून ठेवणार नाही. २०१६ च्या नियमाने साखर कारखान्याला टनामागे एकंदर २०० लिटरच पाणी बाहेर सोडता येते. म्हणजे ५,००० टन गाळपाला दिवसाला १० लाख लिटर. नदीत सोडायचे तर त्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. आसवनीचा स्पेंटवॉश तर थेंबभरही सोडायचा नाही. जो कारखाना हे पाळत नाही त्याला शिक्षा व्हावी. पण आता शहराचाही हिशेब करा. एक लाख वस्ती, माणशी १३५ लिटर पाणी, त्याचे ८० टक्के सांडपाणी धरले तर रोजचे १ कोटी ८ लाख लिटर झाले. आणि शहराचा हंगाम बारा महिने!

तेव्हा प्रश्न केंद्र आहे की नाही एवढाच नाही. ते चालते का, हे बघणार कोण? नगरपालिका मालक, चालवणारा ठेकेदार, पाण्याचे नमुने बहुतेक ठिकाणी तोच काढणार आणि बिलाला जोडणार. काटा त्याचा आणि पावतीही त्याचीच. उसाच्या वजनाला आपण हे चालवून घेतो का? प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, १९७४ चा कायदा आहे. पण मंडळाचा माणूस रोज दारात उभा राहू शकत नाही. गावचा नगरसेवक राहू शकतो.

त्याला रसायनशास्त्र यायची गरज नाही. घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात, ती हवा ब्लोअर देतो आणि ब्लोअर विजेवर चालतो. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवले की जिवाणू गुदमरतात आणि मग घडी बसायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून आधी वीजबिल बघा. पाणी वाढले आणि युनिटे घटली, तर काहीतरी पाणी मुरतंय हे शेंबडं पोरही सांगेल. दुसरे, गाळ बघा. ऊस गाळला आणि चिपाड निघालेच नाही, असे कधी होईल का? केंद्रातून पाणी शुद्ध होऊन गेले म्हणतात, तर मग गाळ किती निघाला आणि गेला कुठे? तिसरे, पाणी परस्पर नाल्यात सोडायचे गेट कधी उघडले, त्याची नोंदवही मागा. ठेकेदाराचे बिलसुद्धा आलेल्या पाण्यावर न निघता शुद्ध होऊन गेलेल्या पाण्यावर निघावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैसे नाहीत, ही सबब ऐकू नका. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच ती फेटाळली. २०१७ साली त्याच न्यायालयाने केंद्रांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि पैसा अपुरा पडला तर वापरणाऱ्यांकडून उपकर घ्यावा, असेही सांगितले. उपकर म्हटले की लोक कुरकुरतात, नगरसेवक मतांना भितात. आम्हाला विचाराल तर उपकर द्यावा, आणि दिलेल्या पैशाचा हिशेब दरमहा फळ्यावर मागावा.

गावांनीही फार ऐटीत राहू नये. आपली गटारे कुठे जातात? ओढ्याला, आणि ओढा नदीला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. त्यातून आपल्या गावात काय उभे राहिले, हे सरपंचांना विचारण्यात कसला आलाय अपमान!

नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थांनी आपल्या वरच्या अंगाला असलेल्या नगरपालिकेकडे मागच्या बारा महिन्यांचे वीजबिल, गाळाची नोंद आणि नमुन्यांचे निकाल माहिती अधिकारात मागावेत. अर्ज संस्थेच्या सभासदाच्या नावाने करावा. नदी आटायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीपूर्वी, ही कागदपत्रे हाती आली तर १ मेच्या ग्रामसभेत बोलायला काहीतरी हातात राहील.