एका रात्रीची खानेसुमारी

जुनी माणसे जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. मग ज्याला घरच नाही, त्याला कोणत्या रकान्यात धरायचे?

सरकार त्यांच्यासाठी एक रात्र राखून ठेवते. 2011 साली 28 फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक बाहेर पडले आणि फूटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर झोपलेल्यांची नोंद केली. देशात 17 लाख 73 हजार बेघर निघाले. 2001 साली ते 19 लाख 43 हजार होते. म्हणजे कमी झाले? बेरीज पाहून खूष होणाऱ्याने पोटरकमाही पाहाव्यात. याच दहा वर्षांत शहरातले बेघर 7 लाख 78 हजारांवरून 9 लाख 38 हजारांवर गेले.

मी कॉमर्स शिकलेला कारकून. माझ्या लेखी एका रात्रीचा आकडा म्हणजे पासबुकातली त्या दिवसाची शिल्लक. वर्षभरात किती जण रस्त्यावर आले आणि कितीजणांना पुन्हा छप्पर मिळाले, हे शिल्लक सांगत नाही. शिवाय फेब्रुवारीत पाऊस नसतो. उघड्यावर दिसणारा तोच माणूस आषाढात कुठे आडोसा धरतो, ते प्रगणकाला काय ठाऊक?

विरार स्टेशनबाहेर शेवटच्या लोकलनंतर एक बाई दोन लेकरांना घेऊन झोपलेली दिसली. सकाळी नाक्यावर बिगारीला उभी राहणारी. मी विचारले, "ताई, राहायला कुठे?" ती म्हणाली, "दादा, घर हाय की गावाला, परभणीकडं." बेघर म्हटलेले तिला अपमानाचे वाटले. "घर आहे का?" असे विचारले तर ती हिशेबातून सुटते. "काल रात्री कुठे झोपलात?" असे विचारले तर सापडते. सगळी गणती अशी एका प्रश्नावर उभी असते बघा.

आणि जे फूटपाथवर आलेच नाहीत त्यांचे काय? नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या 41 अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या, ते काम 2025 च्या सुरुवातीला संपले. सुमारे अडीच हजार कुटुंबे बाहेर पडली. त्याच वर्षी 27 ऑगस्टला विरारचे रमाबाई अपार्टमेंट कोसळले, 17 माणसे गेली. अशा वेळी वाचलेले लोक मेहुण्याकडे, मावशीकडे, एका खोलीत आठजण असे दिवस काढतात. त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, म्हणून जनगणनेच्या व्याख्येत ते बेघर नाहीत.

सरकारची वाट न पाहताही मोजता येते. 1985 साली स्पार्क संस्थेने मुंबईत भायखळा भागातल्या फूटपाथवासीयांची स्वतः गणती केली. सुमारे 6 हजार कुटुंबे, 27 हजार माणसे. अहवालाचे नाव होते 'वुई द इनव्हिजिबल', म्हणजे आम्ही अदृश्य. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आकडा कशाला हवा, असे काहीजण विचारतात. शहरात दर लाख वस्तीमागे बेघरांसाठी एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. 2011 च्या गणनेत आपल्या वसई-विरारची वस्ती 12 लाखांवर होती. म्हणजे त्या हिशेबानेच बारा निवारे. आपल्या प्रभाग कार्यालयात जाऊन विचारा, किती आहेत आणि कुठे आहेत. उत्तर लेखी मागा.

कोविडमुळे 2021 ची जनगणना झाली नाही. आता 1 मार्च 2027 ही तारीख ठरली आहे. त्याआधी आम्ही काही मंडळींनी ठरवले आहे की वसई, नालासोपारा आणि विरार स्टेशनांच्या दोन्ही बाजू दर तीन महिन्यांनी मोजायच्या. रस्ता तोच, वेळ तीच, प्रश्नही तोच, नाहीतर मागच्या आकड्याशी तुलना होत नाही. नाव विचारायचे नाही, फोटो काढायचा नाही, झोपलेल्याला उठवायचे नाही. महिला कार्यकर्त्या सोबत हव्यातच, त्याशिवाय बायका बोलत नाहीत. येणाऱ्यांनी वही आणि बॅटरी घरून आणावी. चहाचे आम्ही बघू.