दुपारची झोप कोणाची?

रमजानच्या दुपारी आमच्या मोहल्ल्यात सामसूम असते. पहाटे सहेरीला उठलेली माणसं जरा आडवी होतात. उर्दूत याला कैलुला म्हणतात, मराठीत वामकुक्षी. वामकुक्षी डाव्या कुशीवर, आमची सुन्नत उजव्या कुशीवर झोपण्याची, फरक एवढाच!

पण ही झोप घरात कोणाच्या वाट्याला येते? अम्मी सगळ्यांच्या आधी उठायची आणि अजान व्हायच्या बेतात उभ्यानेच दोन घास खायची. दुपारी अब्बा पडले की ती इफ्तारच्या वड्यांसाठी डाळ वाटायला बसे. रोजा तिचाही असायचाच. आजही बहुतेक घरांत हेच चाललंय, पाट्याऐवजी मिक्सर आला इतकंच.

पैगंबर साहेब घरी असले की घरकामात हातभार लावत, असं हजरत आयेशा यांनी सांगितलेलं बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. टोपी-दाढीची सुन्नत हौसेने पाळणाऱ्यांना नेमकी हीच आठवत नाही. रोजा सोडायला खजूर आणि पाणी पुरतं. भजी हवीतच, तर असरच्या नमाजनंतर पुरुषांनी कांदे चिरायला बसावं. डोळ्यांत पाणी आल्याने रोजा तुटत नाही.